हिरवं काडतूस, लाल काडतूस

मी दोह्याला गेले तेव्हा फुटबॉलच्या वर्ल्ड कपला अडीच वर्षं होती. द पर्ल नावाच्या बेटाजवळ पाहुण्यांसाठी एक हॉटेल उठत होतं. त्याच्या साइट ऑफिसात सेफ्टीची कागदपत्रं माझ्याकडे होती. त्याआधी चार वर्षं मी नाशकात कामगारांसाठी पत्रकं लिहायचे आणि कारखान्यांच्या गेटवर उभी राहून वाटायचे. पत्रक कसं असावं हे मला चांगलं कळतं, असा माझा समज होता. वाक्य लहान, अक्षर मोठं, आणि दोषी कोण ते पहिल्या ओळीत.

आमचा सेफ्टी मॅनेजर गोरा, पन्नाशीचा. त्याच्या देशात, घरच्या गॅरेजमध्ये, तो मॅग्नम रिव्हॉल्व्हरची काडतुसं स्वतः भरायचा. चहाच्या वेळी दुसरा विषय नसे.

"विकत मिळतात ना?" मी एकदा विचारलं.

"मिळतात. दुसऱ्याने भरलेल्यावर माझा विश्वास नाही."

मग बारूद कोणतं घ्यायचं यावर तो तीन आठवडे कसा विचार करतो, ते ऐकावं लागलं. भराभर जळणारं बारूद थोडंसंच लागतं. इवलंसं, नळकांडीच्या तळाशी बसतं. भीती तिथेच असते, तो म्हणाला, कारण चुकून दोनदा घातलं तरी कळत नाही. म्हणून तो हळू जळणारं, जास्त जागा घेणारं निवडायचा. दोनदा घातलं की ते सांडतंच.

"चूक टेबलावर दिसली पाहिजे," तो म्हणाला. "आणि टेबलावर एका वेळी एकच डबा. त्याचं लेबल कधीही झाकायचं नाही."

मी मान हलवली. मनात मात्र पत्रक सुरू झालं होतं. ह्याला हौसेसाठी बारूद निवडायला तीन आठवडे मिळतात, आणि खाली चौथ्या मजल्यावर माणसाला तीन सेकंद मिळत नाहीत. वाक्य आवडलं, म्हणून फोनमध्ये टिपून ठेवलं. लेबलाचं काही टिपलं नाही.

खाली चौथ्या मजल्यावर खिळ्यांची गन चालायची. तिच्यातही काडतूसच असतं. स्फोटाच्या जोरावर खिळा काँक्रीटमध्ये घुसतो. बारूद किती ते काडतुसाच्या टोकावरच्या रंगावरून ओळखायचं. हिरवं हलकं, पिवळं मधलं, लाल जोराचं. स्लॅबला लाल लागतं, ब्लॉकच्या भिंतीला हिरवं. भिंतीला लाल मारलं तर खिळा आरपार.

आमच्या मल्याळी स्टोअरकीपरने खोक्यांवर मार्करने जोराप्रमाणे १, २, ३ असे आकडे घातले होते. मला ते गबाळं वाटलं. साइटवर सात-आठ भाषा, कितीतरी माणसं निरक्षर. मग अक्षर कशाला, आकडा तरी कशाला? मी पोस्टर केलं. तीन मोठे गोल, प्रत्येकासमोर एक चित्र. रंग बघा, काम करा. स्टोअरमधल्या खोक्यांवरही तसलेच गोल स्टिकर लावले, नेमके आकड्यांवर. जागा तिथेच सपाट होती.

पोस्टर चिकटवत होते तेव्हा सीलिंगचा एक मिस्त्री मागे येऊन उभा राहिला. नांदेडकडचा, चाळिशीचा. साइटवर मराठी बोलणारे आम्ही दोघंच.

"ताई, डावीकडं खाली हाय."

"किती?"

"तीन मिली."

मी पट्टी लावली. तीनच. स्टोअरकीपर हसून ओरडला, "इसकी आँख में लेवल फिट है! लेवलवाला लेझर बेच डालो, चलो, यल्ला!"

"पोस्टर कळतंय ना पण, दादा?" मी विचारलं.

"कळतंय की," तो म्हणाला आणि शिडी उचलून गेला.

महिन्याभराने एका सकाळी चौथ्या मजल्यावरून फोन आला. खिळा ब्लॉकच्या भिंतीतून आरपार गेला होता. पलीकडे एक रंगारी बादलीवर वाकलेला. खिळा बादलीत घुसला. मी पोचले तेव्हा पांढरा रंग दारापर्यंत वाहत आला होता आणि रंगारी आपल्या दोन्ही गुडघ्यांवरून हात फिरवून बघत होता. गन त्या मिस्त्रीच्या हातात. गनमधल्या काडतूसपट्टीत लाल काडतुसं.

कोणाला लागलं नव्हतं. पण रिपोर्ट लागतोच. कारण काय, हा रकाना मी भरायचा.

दुपारी तो ऑफिसच्या दाराशी आला. चपला बाहेर काढून, जसं कोणाच्या घरी जावं तसा.

"ताई, लाल अन् हिरवं मला एकच दिसतंय. लहानपनापासून."

मला आधी कळलंच नाही. "मग आजवर कसं चाललं?"

"आकडा बघायचो की. एक, दोन, तीन. तुम्ही त्येच्यावर टिकली लावली. मग जोडीचा नेपाळी काढून द्यायचा. आज त्याला ताप हाय."

"सांगायचं ना दादा! मी विचारलं होतं तुम्हाला."

"सगळ्यांम्होरं इचारलं तुम्ही."

तोच पुढे बोलला. "रंगाचं लिहू नका. घाईत चुकलो म्हना. वॉर्निंग देतील, दोन शिव्या देतील, खलास. पोरगी नर्सिंगला हाय, दुसरं वर्ष. ती उभी ऱ्हाईस्तोवर मला हितं राहू द्या."

"अहो, पण चूक तुमची नाहीच. माझी आहे. तसंच लिहिते ना मी."

"नका लिहू ताई."

मी लिहिलं.

रूमवर नाही, तिथेच, ऑफिसात बसून चार पानं. घाईत चुकला असं लिहिणं म्हणजे कामगाराच्या माथी दोष मारणं. त्याच्याविरुद्ध तर मी चार वर्षं गेटवर उभी राहिले होते. पहिली ओळ होती, दोष आमच्या पोस्टरचा आहे. मग आकडे, स्टिकर, माझं नाव, आणि एका कामगाराला लाल आणि हिरवा रंग वेगळा दिसत नाही, हे. इतकं चांगलं मी बऱ्याच दिवसांत लिहिलं नव्हतं. वाचून बघितलं तेव्हा छातीत जरा ऊब आली, हेही सांगायला हवं.

मॅनेजरने दोनदा वाचलं. "प्रामाणिक आहे," तो म्हणाला. "स्वतःविरुद्ध असं कोणी लिहीत नाही." मग एचआरला फोन लावला.

"रंग न ओळखणारा माणूस साइटवर नको."

"गन देऊ नका," मी म्हणाले. "लाइनआउटला, आखणीच्या कामाला घ्या. त्याची नजर लेझरसारखी आहे, कोणालाही विचारा."

"त्याचा व्हिसा सीलिंग फिक्सरचा आहे. मेडिकली अनफिट."

"तुम्हीच म्हणाला होतात, चूक टेबलावर दिसली पाहिजे."

"दिसली की," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. "तुझ्यामुळेच दिसली."

मी भांडले. नाशकात जशी भांडायचे तशीच, टेबलावर हात आपटून. एचआरच्या बाईने माझ्या रिपोर्टचं तिसरं पान पुढे केलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. माझीच ओळ, रंग न दिसण्याची. ती वाचून मला राग यायला हवा होता, निदान रडू तरी. काहीच आलं नाही. बधिर झालेल्या हाताला चिमटा काढावा तसं झालं. मी खुर्ची आत सरकवली आणि बाहेर आले.

मला एक मेमो मिळाला, आणि नवं पोस्टर करायचं काम. त्याला नऊ दिवसांनंतरचं तिकीट मिळालं.

नवं पोस्टर मी केलं. गोल तेच, प्रत्येक गोलात हाताएवढा आकडा. खोक्यांवरचे स्टिकर नखाने खरवडून काढले. खालचे मार्करचे आकडे जवळपास तसेच निघाले, फक्त तीनचं पोट पुसलं होतं. स्टोअरकीपरने माझ्या हातातून मार्कर घेऊन ते पुन्हा काढलं.

मी पोस्टर चिकटवत होते तेव्हा मिस्त्री मागे आला. हातात बॅग, अंगात इस्त्रीचा शर्ट. एअरपोर्टची बस गेटवर उभी होती.

"एक, दोन, तीन," त्याने वाचलं.

"दादा, मी..."

"ब्येस केलं. म्होरच्याला तरी कळंल."

मी सोळा मजल्यांच्या हॉटेलसाठी केलेली सगळी पत्रकं, नोटिसा, तक्ते त्या एका वाक्यापुढे थिटे पडले. तरीही मला काही वाटलं नाही. टेप कमी पडेल का, हे डोक्यात होतं.

"डावीकडं खाली हाय," तो म्हणाला.

"असू दे आता."

"असं कसं?" त्याने बॅग खाली ठेवली. वरच्या कोपऱ्याची टेप सावकाश सोडवली, कागद जरा वर घेतला आणि अंगठ्याने दाबून बसवला. एक पाऊल मागे जाऊन डोळा बारीक करून बघितलं. बाहेर ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता.

"आता बसलं," तो म्हणाला आणि बॅग उचलली.

पट्टी माझ्या खिशात होती. मी ती काढली नाही.