नंबर मागं जाण्याची भीती

आमच्या भागात रस्ता सुरक्षा सप्ताहाचं उद्घाटन नेहमी वेळेवर होतं, कारण पाहुणे येतील तीच वेळ असं धरलेलं असतं. त्या वर्षीचा कार्यक्रम माजलगावकडच्या एका साखर कारखान्याच्या आवारात होता. उसाच्या ट्रॉलीला मागून लाल चकाकती पट्टी चिकटवायची. मागून येणाऱ्या गाडीचा उजेड पडला की पट्टी चमकते आणि ट्रॉली दिसते, अशी कल्पना. प्रमुख पाहुण्यांनी ती एका रिकाम्या, धुतलेल्या ट्रॉलीला चिकटवली. जरा वाकडी लागली, पण टाळ्या सरळच वाजल्या. 'अपघातमुक्त तालुका' हे शब्द भाषणांत इतक्या वेळा आले की असा तालुका कुठंतरी असेलच, असं वाटायला लागलं. पाहुण्यांच्या स्वागताचा फलक कारखान्याच्या वळणावर उभा केला होता. त्यावरचे सगळे चेहरे ठळक दिसत होते. समोरून येणारं वाहन तेवढं दिसत नव्हतं.

मी तिथं माझ्या विद्यार्थिनीबरोबर गेलो होतो. मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो आणि ती माझ्याकडे पीएच.डी. करत होती. शिक्षेच्या भीतीनं माणसं बेफाम गाडी चालवायची थांबतात का, आणि थांबत असतील तर कुठल्या शिक्षेच्या, हा तिचा विषय. ती आष्टीकडच्या एका गावची. आईवडिलांचं आयुष्य ऊस तोडण्यात गेलं. थोरला भाऊ आधी कोयता घेऊन तोडणीला जायचा, पुढं ट्रॅक्टरवर ड्रायव्हर झाला आणि याच कारखान्याला ऊस ओढायचा. ज्या टोळीनं तोडलेला ऊस तो ओढायचा, त्याच टोळीत वहिनी तोडणीला होती.

"विषय मी पुस्तकातून काढलेला नाही, सर," ती पहिल्याच भेटीत म्हणाली होती. "दादा गाडी कशी चालवतो मला माहीत आहे. त्याच्या ट्रॉलीखाली कुणी जायच्या आत मला हे कळायला पाहिजे."

संशोधनाला इतकं सरळ कारण मी तोवर ऐकलं नव्हतं. बहुतेकांना पगारवाढ हवी असते.

ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, त्यावर माणसाच्या दुप्पट उंचीला ऊस, आणि मागं लोंबणारी वाढ्यांची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची झालर. ती उद्घाटनाची पट्टी असते ट्रॉलीच्या मागच्या फळीवर, म्हणजे बरोबर झालरीच्या आत. कायद्याच्या दृष्टीनं पट्टी आहे, मोटारसायकलवाल्याच्या दृष्टीनं समोर मोकळा रस्ता आहे. दिवेलागणीला धुळीत अशी ट्रॉली म्हणजे रस्त्यात चालणारी भिंत. ड्रायव्हरच्या कानाशी गाणी एवढ्या जोरात की मागून कुणी आपटलं तरी पुढच्या गावात कळावं.

आम्ही रीतीप्रमाणे प्रश्नावलीपासून सुरुवात केली. यार्डात, म्हणजे उसाच्या गाड्या आपल्या पाळीची वाट बघत उभ्या असतात त्या मैदानात, ती ड्रायव्हरांना गाठून विचारायची. दंडाची भीती वाटते का? सगळ्यांना वाटत होती. नियम पाळता का? सगळे पाळत होते. एकानं तर नियम पाळतो म्हणताना ट्रॅक्टरवरूनच हात बाहेर काढून समोरून जाणाऱ्या ट्रकवाल्याला बोट फिरवून दाखवलं. पुढं तपासणी चालू आहे, जपून जा, असा त्याचा अर्थ.

भावालाही तिनं विचारलं. तो ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून तंबाखू मळत होता.

"लिही, लई भीती वाटते."

"दादा, खरं सांग ना."

"खरं सांगितल्यावर तुला डिग्री मिळंल का?"

"मिळेल की."

"मंग आयक. दंड झाला तर मालक भरतो. मालकाला भरायचा नसंल तर तो फोन लावतो. मला कशाला भ्या वाटंल? मी फोनमधी बी न्हाई अन् दंडामधी बी न्हाई."

तिच्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्यानं तंबाखू तोंडात टाकायच्या आत सांगून टाकलं. त्या सबंध यार्डात तेवढं एक उत्तर खरं होतं आणि ते आमच्या प्रश्नावलीतल्या कुठल्याच चौकटीत बसत नव्हतं.

या विषयावर जगभर पुष्कळ लिहिलं गेलंय. त्यातलं मला पटलेलं थोडक्यात असं, की शिक्षा किती मोठी आहे याचा हिशेब गुन्हा करणारा फारसा ठेवत नाही. आपण सापडणार का आणि सापडलो तर लगेच काही होणार का, एवढंच तो बघतो. आमच्या कट्ट्यांवर याच्या उलट मत आहे. मोटार चोरीपासून खुनापर्यंत कशाचीही बातमी येवो, चहा संपायच्या आत आरोपीला फाशी झालेली असते. प्रत्यक्षात खटला उभा राहीपर्यंत त्याच कपबशीतून नवी पिढी चहा पिते. माझ्या लहानपणी गावात कोंडवाडा होता. दुसऱ्याच्या ज्वारीत शिरलेली म्हैस त्याच दुपारी कोंडली जायची आणि मालकाला सगळ्या गावासमोर जाऊन सोडवून आणावी लागायची. शिक्षा क्षुल्लक, पण चुकायची नाही. म्हशीही रस्त्याच्या कडेनं चालायला शिकल्या होत्या.

प्रश्नावली बाजूला ठेवून विद्यार्थिनी यार्डात नुसती बसू लागली. आणि एके दिवशी तिनं भांडण पाहिलं. यार्डाच्या फाटकावर नंबर टेकर बसतो. गाडी आली की तो तिला नंबर देतो आणि त्या नंबरानंच ऊस खाली होतो. एका ट्रॅक्टरवाल्यानं दुसऱ्याच्या पुढं गाडी घातली म्हणून दोघं एकमेकांच्या अंगावर आले होते. पोलिसाला हसणारी, दंडाला न भिणारी माणसं एका नंबरासाठी थरथरत होती. नंबर गेला की अर्धा दिवस जातो, टोळी तिकडं शेतात गाडीविना बसून राहते आणि घरी गेल्यावर बायको बोलते.

"सर," ती मला म्हणाली, "यांना भीती वाटते. आपण भलतीकडं शोधत होतो."

तिची योजना साधी होती. चकाकत्या लाल कापडाचा मोठा तुकडा. ऊस भरून झाल्यावर शेतातच तो शेवटच्या मोळीला, वाढ्यांच्या बाहेरून बांधायचा. फाटकावर कापड दिसलं नाही तर गाडीला रांगेतला शेवटचा नंबर. दंड नाही, पावती नाही, पोलीस नाही. मालकाच्या फोनला इथं कामच नव्हतं, कारण कुणी काही मागतच नव्हतं.

कारखान्याचे शेतकी अधिकारी तयार झाले. त्यांना फक्त उद्घाटन हवं होतं. आम्ही नको म्हटल्यावर ते खरोखर गोंधळले.

"मग सुरू झालं हे लोकांना कळणार कसं?"

"पहिली गाडी मागं गेली की कळेल," ती म्हणाली.

पहिले काही दिवस एकही गाडी मागं गेली नाही. प्रत्येक ट्रॉलीला कापड. अधिकाऱ्यांनी वार्ताहर बोलवायची तयारी केली. मी मनातल्या मनात शोधनिबंधाचं शीर्षकही ठरवून टाकलं. विद्यार्थिनी मात्र येणारी प्रत्येक गाडी निरखत होती. शेतातून कच्च्या रस्त्यानं आलेला ऊस धुळीनं पांढरा, ड्रायव्हरच्या पापण्या पांढऱ्या, आणि कापड तेवढं दुकानातून आणल्यासारखं लाल. तिनं फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर एक दुपार काढली. तिथं गाड्या थांबत, ड्रायव्हर सीटखालून कापड काढत, बांधत, चहा पीत आणि नियम पाळून आत येत. रस्ताभर ट्रॉली पूर्वीसारखीच आंधळी. आमच्या जिल्ह्यात नियम मोडायला कुणाला सवड नसते. लोक त्याला बगल देऊन पुढं जातात.

तिनं नंबर टेकरला सांगितलं, कापडावरची धूळ बघा. धूळ नसेल तर कापड नाही असं धरा. त्यानं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना धूळ बघायची पहिली वेळ आली, तेव्हा फाटकावर भावाचा ट्रॅक्टर उभा होता. वर उसावर वहिनी, तिच्या मांडीत लेक. मागं लाल कापड फडफडत होतं. स्वच्छ.

नंबर टेकर पन्नाशीतला, सावध माणूस. त्यानं कापडाकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"मॅडम, कापड तर हाय."

ती पुढं गेली. कापडावरून बोटं फिरवली आणि बोटं बघितली. मी तिच्या शेजारीच उभा होतो. आपला माणूस म्हटल्यावर डोळा झाकायचा, ही इकडची माणुसकीच समजली जाते. न झाकणाऱ्याला लोक शिष्ट म्हणतात आणि मयताला येत नाहीत. मागं सात-आठ ड्रायव्हर उतरून उभे होते. ते कापडाकडं बघत नव्हते, तिच्याकडं बघत होते.

"मागं," ती म्हणाली.

"अगं, शेतातच बांधलंय," भाऊ म्हणाला. "देवाशपथ."

"कुठं शेतात?" वरून वहिनीचा आवाज आला. "आत्ता टपरीवर तर बांधलं. वाटंनं म्हणत होते मी, बांधा, बांधा. तर म्हणे गेटावर बघू."

यार्ड हसलं. भाऊ हसला नाही. त्यानं ट्रॅक्टर वळवला आणि रांगेच्या शेवटी नेऊन उभा केला. वहिनी लेकीला घेऊन खाली उतरली, नणंदेजवळ येऊन म्हणाली, "मला पाणी दे. त्यास्नी देऊ नको, आता कुणाच्या हातचं पेणार न्हाईत."

पुढचे दिवस वाईट गेले. भाऊ तिचा फोन उचलेना. यार्डात ती एका टोकाला असली की हा दुसऱ्या टोकाला. कुणी विचारलं तर सांगायचा, "मला बहीण न्हाई बे. नंबर टेकर हाय." तिचं टिपण घेणं मंदावलं. एकदा मला म्हणाली, तो चिडून दुसऱ्या कारखान्याला गेला तर तिथं त्याला कोण बघणार? मी वाचलेल्या पुस्तकांत बहिणींचा उल्लेख नव्हता.

पण संध्याकाळी कालव्याच्या पुलाजवळ माझी स्कूटर लावून आम्ही उभे राहायचो, तिथं फरक दिसत होता. गाडीच्या दिव्याचा उजेड पडला की लांबून लाल ठिपका उठायचा आणि हळूहळू पुढं सरकायचा. कापडं मळली होती. सगळ्या ट्रॉल्यांना नव्हती, गाणी तेवढीच मोठी होती, ऊसही तेवढाच उंच. तरी बहुतेक ट्रॉल्या आता दिसत होत्या. सख्ख्या भावाला मागं घातलं, ही बातमी त्याच संध्याकाळी टोळ्याटोळ्यांतून फिरली होती. अधिकाऱ्यांच्या वार्ताहरांनी एवढं काम केलं नसतं.

मग एका पुढाऱ्याचा ट्रॅक्टर आला. बॉनेटवर साहेबांचं नाव, मागं कापड नाही. नंबर टेकर लाकडासारखा बसून राहिला. पोराबाळांचा माणूस, त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. ड्रायव्हर म्हणाला, "गाडी कुणाची हाय ते वाच."

रांगेतून भाऊ पुढं आला. तो बहिणीकडं बघतही नव्हता.

"मी सख्खा भाऊ हाय हिचा. मी मागं गेलतो. तू कोण लागून गेलास बे?"

"तुझ्या बहिनीचं तू बघ."

"तेच बघायलोय. घे मागं."

"साहेबाला सांगू का?"

"सांग की. साहेबाला म्हणावं, या अन् रांगंत हुबं ऱ्हावा."

बाकीचे ड्रायव्हरही एकेक करत ट्रॅक्टरच्या आडवे येऊन उभे राहिले. त्यांना रस्ता सुरक्षेचा पुळका आला होता असं मी म्हणणार नाही. आपण असतो तर मागं गेलो असतो आणि हा पुढं जातो, हे त्यांना सहन होणारं नव्हतं. कायद्याला एवढं भांडवल पुरतं. ट्रॅक्टर मागं गेला. साहेबांनी फोन केला की नाही, मला कळलं नाही. कापड मात्र दुसऱ्या दिवशी होतं.

हंगाम संपला, टोळ्या गावी गेल्या, यार्ड ओस पडलं. विद्यार्थिनीला खरा प्रश्न आता पडला होता. नंबर नाही, फाटक नाही, मागं पाठवणारं कुणी नाही. मग काय राहतं?

उन्हाळ्यात तिच्या घरी जायचं झालं. आष्टीच्या अलीकडं, दिवस मावळताना, पुढं कडब्यानं भरलेली एक ट्रॉली चालली होती. स्कूटरचा उजेड पडला आणि मागचं लाल कापड चमकलं. धुळीनं माखलेलं. तिनं मागून माझ्या खांद्यावर थाप मारली. दादाचा ट्रॅक्टर. आम्ही पुढं जाऊन हात केला. तो थांबला, गाणं बारीक केलं आणि मला नमस्कार केला. तिला नाही.

"दादा," ती म्हणाली, "इथं कुणाचा नंबर जाणार आहे?"

"कुणाचा न्हाई."

"मग कशाला बांधलं?"

त्यानं मागं वळून कडब्याकडं पाहिलं, जसं काही ते कापड दुसऱ्या कुणीतरी बांधलं होतं.

"भरून झालं की हात तिकडंच जातो आता," तो वैतागून म्हणाला. "तुझ्यामुळं न्हाई, लगेच लिहू नको."

तिनं काही लिहिलं नाही. एक ट्रॅक्टर म्हणजे पुरावा नव्हे, हे तिला मीच शिकवलं होतं.

"जेवायला हाय का घरी?" त्यानं विचारलं.

"आहे."

"मंग चला, म्होरं व्हा. मी येतो मागून."

"नको," ती म्हणाली. "तू पुढं हो. आम्ही मागं आहोत."