तीन भाषा आणि सोजरबाईंची ताटली

माझ्या डोक्यात राग लवकर शिरतो, हे आमच्या तलमडुगु मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, सगळ्या मास्तरांना ठाऊक आहे. पण सोजरबाईंवर मी शेवटचा रागावलो तो दोन हजार सतराच्या जानेवारीत, आणि तेव्हा चूक माझीच होती. ती कबूल करायलाच हे लिहायला बसलोय.

तेलंगणात नवे जिल्हे होऊन तीन महिने झाले होते. जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. बासर निर्मलकडे गेलं, बेज्जूर आसिफाबादकडे. आमचं गाव होतं तिथंच राहिलं, पण त्या धामधुमीत गावातली अंगणवाडी उचलून आमच्या मराठी शाळेच्या आवारात आणली गेली. तिच्याबरोबर सोजरबाई आल्या.

सोजरबाई पन्नाशीच्या, सातवी पास, बावीस वर्षं अंगणवाडीत आयाबाई. कागदावर त्यांचं काम म्हणजे लेकरांना जेवू घालणं आणि खोली झाडणं. प्रत्यक्षात गावातलं कुठलं बाळ कधी मान धरायला लागलं, कधी रांगलं, बाळंतपणानंतर कुणाची सून गप्प गप्प असते, हे सगळं त्यांना तोंडपाठ. कुणाच्या घरी बोलायला जायचं तर आधी त्या घरचं काम हातात घ्यायचं, ही त्यांची रीत. दिवस कापसाचे. त्या ओसरीवर बसून बोंडातला कापूस काढत राहायच्या आणि मुद्द्याचं बोलायच्या ते पार उठायच्या वेळी. मला हा निव्वळ वेळकाढूपणा वाटायचा. तसं मी त्यांना ऐकवलंही होतं.

अंगणवाडीत सरोजिनी नावाची साडेचार वर्षांची पोर होती. घरी तिला सरू म्हणत. सरू एक शब्द बोलत नव्हती. त्याचं कारण मी आधीच शोधून ठेवलं होतं. घरात मराठी, शेजारी तेलुगू, बापाच्या ट्रॅक्टरवरचे मजूर हिंदी बोलणारे. तीन भाषांत लेकरू गोंधळलंय, बोलेल आपोआप. आमच्या सीमेवरच्या गावांत उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक पोराबद्दल हेच म्हणतात. माझा पुतण्याही उशिराच बोलला होता. सरूची आई पद्मिनी भेटेल तेव्हा मी तिला हे छातीठोकपणे सांगायचो. ती मान हलवायची.

एका दुपारी मी चौथीला भागाकार शिकवत होतो. सोजरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "सर, जरा या."

"आता? वर्ग सोडून?"

"दोन मिनटं. मंग पाह्यजे तेवढं चिडा."

त्यांनी सरूला व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं. पोर चिंचोके मांडत होती. बाईंनी माझ्या हातात जेवणाची स्टीलची ताटली आणि पळी दिली. "मांगं उभे राहा आन वाजवा."

मी वाजवली. अंगणातल्या कोंबड्या उधळल्या, अख्खी चौथी दारात गोळा झाली. सरूनं पुढचा चिंचोका मांडला. मी पुन्हा वाजवली, इतक्या जोरात की ताटलीला पोचा आला. सरू आपल्या चिंचोक्यांत दंग. मग सोजरबाई तिच्या समोर जाऊन बसल्या, तशी ती खुदकन हसली.

"तीन भाषा राहू द्या सर," बाई म्हणाल्या, "हिले ताटलीची भाषा बी समजत नाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर मी त्या आईला चुकीचं सांगत आलो होतो. मी तसाच ऑफिसात पळालो आणि दिसेल त्याला फोन लावले. चौथ्या फोनवर कळलं की आदिलाबादला लहान मुलांच्या कानांची तपासणी आहे, एकच दिवस, एक फेब्रुवारीला. पुढची कधी, ते कुणालाच सांगता येईना. पलीकडची बाई म्हणाली, "पाच वर्षांच्या आत ऐकायचं यंत्र लागलं तर बोलणं शिकायला सोपं जातं. उशीर करू नका." सरूचा पाचवा वाढदिवस उन्हाळ्यात होता. मी तर आनंदानं व्हरांड्यात उडी मारायचाच बाकी होतो.

आणि एक फेब्रुवारीला निघाली वसंत पंचमी. सरूच्या आजीनं, देवकाबाईंनी, नवस बोलला होता: पंचमीला पोरीला बासरला सरस्वतीच्या देवळात नेऊन अक्षराभ्यास करायचा, देवीपुढं पहिलं अक्षर गिरवून घ्यायचं, म्हणजे ती पोरीची जीभ मोकळी करेल. जीप ठरली होती, पाहुण्यांना निरोप गेले होते.

मी त्याच संध्याकाळी फोनवरचं सगळं लिहिलेला कागद घेऊन त्यांच्या अंगणात गेलो आणि उभ्या उभ्या भाषण ठोकलं. शेवटी काही सुचेना तेव्हा म्हणालो, "आणि बासर आता आपल्या जिल्ह्यातसुद्धा नाही."

"काऊन गुरुजी, देवीले बी जिल्हा असते काय?" देवकाबाई म्हणाल्या. "पोरीले मुकी म्हनतेत तेवढं पुरे नाई झालं? आता तुमी बहिरी म्हना." मी आल्या पावली परतलो.

दुसऱ्या दिवशी सोजरबाई तिथं कापूस काढायला बसल्या. मी समोरच्या रस्त्यावर मोटारसायकलचा प्लग साफ करण्याचं सोंग करत थांबलो. माझा जीव खालीवर होत होता आणि या बायका भाव, हवा, कुणाच्या सोयरिकी बोलत होत्या. तासाभरानं बाई सहज म्हणाल्या, "देवकामाय, सरू तिकडं खेळून राह्यली. तिले जेवाले हाक मारा."

देवकाबाईंचा आवाज असा की दोन शेतांपलीकडचा गडी ओ देतो. त्यांनी हाक मारली. कुत्रं उठलं, शेजारीण डोकावली. सरूची पाठ हलली नाही. दुसरी हाक. मग देवकाबाई उठल्या, नातीच्या अगदी पाठीशी गेल्या आणि वाकून पुन्हा हाक मारली. सरू मातीत रेघा ओढत होती.

"मले कळत होतं, आत्याबाई," दारातून पद्मिनी म्हणाली. "म्हनूनच तुमी बलावलं का मी तिले हात धरून तुमच्या पुढं आनत होते. पन सर म्हनले, आपोआप बोलन."

रस्त्यावर माझी मान खाली गेली. देवकाबाई ओसरीवर परत येऊन बसल्या. सोजरबाईंनी त्यांच्या पुढ्यातली बोंडं आपल्याकडे ओढून घेतली. "बासरले अक्षराभ्यास रोज होते, माय. तपासनी येकच दिवस हाये. जीप तीच राहू द्या, तिचं तोंड आदिलाबादकडं करू. बासरले मंग जाऊ, मी बी येते."

"आन देवी रागावली तं?"

"लेकरू मंत्र ऐकाले येईन म्हटल्यावर काऊन रागावन?"

पंचमीला जीप आदिलाबादला गेली. तपासणी झाली. दोन्ही कानांत ऐकणं फार कमी होतं, पण यंत्रानं ऐकू येईल असं निघालं. कानांची मापं घेतली. मार्चमध्ये यंत्रं आली तेव्हा आम्ही सगळे पुन्हा गेलो. मी रजा टाकून गेलो. रात्रभर मला झोप नव्हती.

तपासणाऱ्या तरुण बाईंनी यंत्रं बसवली आणि चालू केली. सरू दचकली, भोकाड पसरलं, मग स्वतःचंच रडणं ऐकून एकदम थांबली. भिंतीवरच्या पंख्याकडे बघत राहिली. ती बाई पद्मिनीला तेलुगूत काहीतरी म्हणाली.

"मांगून हाक मार म्हनते," सोजरबाईंनी सांगितलं.

पद्मिनी पोरीच्या मागं उभी राहिली आणि आपला पदरच सारखा करत राहिली. मी उतावळेपणानं म्हणालो, "अहो, मारा ना हाक."

"सर, दोन वर्षं झाले, मी हिले नावानं हाकच नाई मारली," ती म्हणाली. "मारून काय करू, म्हनत होते." मग अगदी हळू, कुणाची झोपमोड होईल अशा बेतानं, ती म्हणाली, "सरू."

सरू वळली.

सोजरबाईंनी तोंडाला पदर लावला. देवकाबाई रडत होत्या, मीही रडत होतो. पद्मिनी मात्र पोरीच्या पाठीमागं गेली आणि पुन्हा म्हणाली, "सरू." पोर पुन्हा वळली. मग डावीकडून. मग दारातून. प्रत्येक वेळी सरू वळायची आणि आई लगेच दुसरीकडे पळायची. बाहेर बाकीची लेकरं ताटकळत होती. तपासणारी बाई हसून म्हणाली, आता पुरे, पुढचा नंबर.

"येक डाव अजून," पद्मिनी म्हणाली, आणि भिंतीआड लपली.