भाभींचं वजन

“थोडा और चढाव,” असं म्हणायचे आणि डाव्या हाताची दोन बोटं हवेत खाली दाबायचे. मग मी मुकाट्यानं आणखी एक वजन गाडीवर ठेवायचो. हे आमचे शेजारी. आधी निजामाच्या रेल्वेत आणि पोलिस अ‍ॅक्शननंतर भारत सरकारच्या रेल्वेत इंजिन चालवून रिटायर झालेले. अख्खी गल्ली त्यांना डायवरसाब म्हणायची, मीही तेच म्हणतो. एवढी मोठी उलथापालथ झाली, पण तिच्याबद्दल ते एकच वाक्य बोलत. “मालिक बदल गया, सीटी वोइच है.”

औरंगाबादेत स्टेशनाकडच्या रस्त्यावर माझं भुसार मालाचं दुकान होतं. शेर-मण बंद होऊन किलो आले, तेव्हा माझी जुनी लोखंडी वजनं कोपऱ्यात गंजत पडली. एक दिवस डायवरसाब येऊन म्हणाले, “ये मेरे कू दे देव.”

“काय करता? लोणच्यावर ठेवता व्हय?”

“इंजिन कू जोतना है.”

मला वाटलं, रिटायर होऊन माणूस चळला. पण वजनं पोचवायला गेलो आणि बघतच राहिलो. अंगणात शेवग्याभोवती विटा मांडून त्यांवर लहानसे रूळ गोल टाकलेले. रुळांवर पाळण्याएवढं इंजिन. खेळण्यातलं नाही हं, खरं वाफेचं! तांब्याचा बॉयलर, आत विस्तव, आणि साहेब चहाच्या चमच्यानं कोळसा घालतायत. मागं माणूस बसेल अशी चार चाकांची बुटकी गाडी. त्या गाडीसाठी भाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, लाल मखमलीची गादी शिवली होती. ती मात्र जुन्या चादरीत गुंडाळून खुंटीला टांगलेली.

भानगड अशी होती. नोकरीभर डायवरसाबांनी सगळ्या मुलखाला ओढलं, पण भाभींना आपल्या गाडीत कधी बसू दिलं नाही. जालन्याला माहेरी जायचं तर दुसऱ्या डायवरच्या गाडीनं. “अपने लोगां पीछे बैठे तो ब्रेक पे हात कांपता,” म्हणायचे. भाभींनी हे उभ्या जन्मात विसरू दिलं नाही. म्हणून रिटायर झाल्यावर हे इंजिन. एकदा तरी भाभींना मागं बसवून शेवग्याभोवती फिरवायचं.

शुक्रवारी नमाज झाली की वजन ओढायची परीक्षा. वजनं चढवायची, वाफ सोडायची. चाकं जागच्या जागी गरगर फिरत, गाडी तसूभर हलत नसे. “दम है, पकड नई,” म्हणत ते रुळांवर चिमूटभर वाळू टाकत. पण हात लावायचा नाही! एकदा मला राहवेना, मी पायानं हळूच ढकललं. साहेबांनी वाफ बंद केली, सगळी वजनं उतरवायला लावली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. “धक्का देके तो मुर्दा बी चलता,” म्हणाले.

इंजिन हळूहळू तयार झालं. अडलं कुठं, तर भाभींच्या वजनाशी. ते माहीत नसताना त्यांना बसवायचं कसं? साहेबांनी त्यांना माझ्या दुकानातल्या तराजूत बसायला सांगितलं. पडद्यामागून उत्तर आलं, “मैं क्या जवार का थैला हूँ? पूरी गल्ली के सामने तोलते?”

साहेब माझ्या कानाशी लागले. “तेरे अंदाज से कित्ता होयेंगा?”

“साब,” मी म्हटलं, “मला ह्याच गल्लीत राह्यचंय.”

मग अंदाजावर काम. ज्वारीचं पोतं ओढून झालं. पोत्यावर वजनं ठेवून झालं. शेवटी मी बसलो. आणि मी काही पाप्याचं पितर नव्हे. जेवायला बसलो की पाट करकरतो. गुडघे छातीशी घेऊन मी शेवग्याभोवती फिरलो, सगळी गल्ली हसून बेजार. पडद्यामागं भाभीही खदखदा हसत होत्या.

उतरल्यावर म्हणालो, “झालं की! बसवा आता भाभींना.”

साहेब फडक्यानं इंजिन पुसत राहिले. मग म्हणाले, “थोडा और.”

“अहो, मी बसलो ना आत्ता!”

“तू गिरा तो उठेंगा.”

खरं सांगतो, मला चीड आली. तुम्हालाही आली असती. पडद्यामागचं हसू थांबलं होतं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा वजनं चढली, त्याच्या पुढच्याही. भाभी दर पावसाळ्यानंतर गादीला ऊन दाखवत आणि परत गुंडाळून ठेवत. मी वजनं उचलत राहिलो, कारण नाही म्हणावं तर साहेबांचा चेहरा बघवत नसे.

पुढं एका हिवाळ्यात डायवरसाब झोपेतच गेले.

इद्दत, म्हणजे विधवेनं घरात पाळायचे चार महिने दहा दिवस, संपल्यावर भाभी दुकानात आल्या. मागं हातगाडीवर माझी जुनी वजनं. “तुमची अमानत,” म्हणाल्या. भर दुपार होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्या पोती तोलायच्या मोठ्या तराजूपाशी गेल्या आणि बुरखा सावरून सरळ पारड्यात बसल्या.

“तोलो.”

त्याच वजनांनी तोललं. एकेक वजन दुसऱ्या पारड्यात टाकत गेलो. निम्मी वजनं अजून हातगाडीवरच होती आणि भाभींचे पाय जमिनीवरून उचलले गेले. यापेक्षा कितीतरी जास्त त्या इंजिनानं पहिल्याच वर्षी ओढलं होतं.

“खिंचता था?” भाभींनी विचारलं.

“आरामात, भाभी.”

पारडं जरासं झुलत होतं. उतरायला आधार म्हणून मी हात पुढं केला. त्यांनी साखळ्या सोडल्या नाहीत.

“थोडा और,” त्या म्हणाल्या. “बैठने दो.”