आत्याची बिनचेनची सायकल

रऊफचाचाच्या वेल्डिंगच्या दुकानात ग्राइंडरखाली लोखंडाचा चुरा पडतो. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी पुन्हा तेवढाच. किश्शांचंही तसंच असतं. मी एक सायकल बनवायला घेतली आणि पाच महिन्यांत पोतंभर किस्से जमले. सायकल एकच. शहाणे मात्र भरपूर, आणि सगळे माझ्यापेक्षा वयानं मोठे.

मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. का, ते विचारू नका, घरी सगळ्यांचं विचारून झालंय. मामा अंकुशनगरला साखर कारखान्यात. त्यानं माझ्यासाठी उसाच्या वजनकाट्यावर जागा धरून ठेवलेली. मंग मामानं आणि पप्पांनी मिळून मला मुदत दिली. कारखान्यात हंगामाची पहिली मोळी पडायच्या आत सायकल आत्याच्या दारात चालली पाहिजे. न्हाई चालली, तर बॅग भरायची आणि उसाचे ट्रॅक्टर मोजत बसायचं. ठरवताना मी समोरच बसलेलो होतो. मला चहा दिला, मत न्हाई विचारलं.

*

सायकल आत्यासाठी. आत्या धावड्याला आशाताई आहे. वाड्या-वस्त्यांवर सायकलनं फिरते. एकदा चढावर तिचा पदर चेनमध्ये गेला. आत्यानं पिशवीतली कात्री काढली, पदर कापला आणि पुढं गेली. तिसरी साडी होती ती.

आम्ही म्हणालो, स्कूटी घे. ती म्हणाली, "गावात लाइट कधी असते रे? मोटर बंद पडली तरी मला घरी पोचता आलं पाहिजे."

एवढं एकच वाक्य मला कामाचं मिळालं. चेनच्या जागी दातेरी रबरी पट्टा, मोटर लागली तर चालू, न्हाई तर पायानं. बॅटरी सीटमागच्या डब्यात, काढता-घालता येणारी. कागदावर सगळं बराबर होतं. कागदाला काका-मामा नसतात.

*

पट्टा म्हटल्यावर रऊफचाचाचे डोळे चमकले. दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीचा जुना पट्टा घेऊन हजर. "बेटा, इस पट्टे ने आधा मोहल्ला खिलाया है. तेरी फूफी को नहीं खींचेगा?"

मी समजावलं की चाचा, याला दाते न्हाईत, घसरेल. चाचा तीस वर्षं हातगाड्या बनवून राह्यलेत, ते माझं कशाला ऐकतील? एका जुन्या सायकलला बसवलाच. मी वर बसून पॅडल मारलं. पाय गरागरा फिरले, सायकल जागेवर. समोरच्या धान्याच्या दुकानातला शेठ बाहेर येऊन म्हणाला, "वा! व्यायामाची का?"

*

मंग दातेरी पट्टा मागवला. तो येईपर्यंत चाचांनी फ्रेम केली. खरं सांगतो, जोड असे की बोट फिरवलं तर कळू नये. रंगसुद्धा झाला, मोरपंखी, आत्याच्या पसंतीचा. पट्टा आला. मी, चाचा आणि माझा दोस्त संदीप, तिघं फ्रेमभोवती उभे राहिलो.

पट्टा म्हणजे अखंड कडं. चेनसारखा उघडत न्हाई. आणि फ्रेमचा मागचा त्रिकोण तिन्ही बाजूंनी बंद. पट्टा आत जाणार कुठून?

ही चूक माझी. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडल्यावर तिसऱ्या वर्षाच्या चुकाही आपल्या आपणच कराव्या लागतात.

चाचा म्हणाले, पट्टा काप, मी रिव्हेट मारून देतो. मी म्हणालो, पट्टा न्हाई, फ्रेम कापायची. चाचांनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले. "मैं जोडता हूँ. काटनेवाला कोई और देख."

मीच कापली. सीटखालून मागच्या चाकाकडं जाणारी नळी, ग्राइंडरनं, त्यांच्या समोर. तीन दिवस ते माझ्याकडं पाठ करून हातगाड्या जोडत राह्यले. चौथ्या दिवशी स्वतःच दोन जाड पट्ट्या आणि बोल्ट घेऊन बसले, उघडता येईल असा जोड करून दिला. आता दुकानात कुणीही आलं की दाखवतात, "ये जोड हमने जानबूझ के रखा है. फॉरेन डिझाइन है."

*

संदीप माझ्या वयाचा, पण बुद्धीनं म्हातारा. विहिरीवरच्या मोटरी बांधतो. सायकलची वायरिंग त्याच्याकडं दिली, कारण दुसरं कुणी हात लावायला तयार नव्हतं. त्यानं दोन तासांत काम संपवलं. मी म्हणालो, बघू. बॅटरीची पिन जोडली.

सायकल स्टँडवरून उडाली आणि कुणीही न बसता गल्ली ओलांडून शेठच्या ज्वारीच्या पोत्यात घुसली.

संदीपनं पंपाला करतात तसं केल्तं. लाइट आली की मोटर आपोआप सुरू. मी ओरडलो तर शांतपणे म्हणतो, "शेतात एवढ्या लांब बटन दाबायला कोण जातं?"

*

पप्पांचं वेगळंच. पाच महिने त्यांनी सायकलीकडं बघितलं न्हाई. एसटी डेपोत अठ्ठावीस वर्षं बसगाड्या दुरुस्त केल्या, पण पोराच्या यंत्राला हात लावायचा तर कमीपणा! नातेवाइकांना सांगायचे, पोरगा कंपनीत ट्रेनिंगला आहे. कोणती कंपनी? तर जुना जालना, रऊफचाचाचं शटर.

धावड्याला न्यायच्या आदल्या दिवशी सकाळी बघतो तर पट्टा चकाकून राह्यला. वरून खालपर्यंत तेल. या पट्ट्याला तेल बिलकुल चालत न्हाई. मी घरभर आरडाओरडा केला. पप्पा हात पुसत म्हणाले, "तेल न लावता चालतं असं यंत्र मी बघितलं न्हाई."

साबणानं पट्टा धुवायला मला दुपार झाली. धुताना लक्षात आलं, मागच्या चाकाचे सगळे नटही कुणीतरी बराबर कसलेले होते.

*

धावड्याला मामा माझ्या आणि पप्पांच्या आधी पोचल्ता. मोळी दोन दिवसांवर. तो खुर्चीत बसून म्हणाला, "भाचे, बॅग आणली का?"

आत्यानं रजिस्टरांची पिशवी सीटमागच्या डब्यावर अडकवली आणि डोंगराकडच्या वस्तीवर निघाली. तिचा मोरपंखी ठिपका वळणावर दिसेनासा झाला, आणि मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर बॅटरी. सकाळी आल्याबरोबर चार्जिंगला मीच काढून ठेवल्ती.

मागं पप्पा उभे. त्यांनी बॅटरीकडं बघितलं, मंग माझ्याकडं. मी तोंड उघडणार, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

दोन तास मामा घड्याळ बघत होता. मी अंगणात येरझाऱ्या घालत होतो. मंग घंटी वाजली. आत्या घामानं भिजलेली, पदर अखंड.

मामा म्हणाला, "काय ताई, कशी आहे मोटर?"

आत्या सायकल टेकवत म्हणाली, "लई गुणाची आहे. आवाज न्हाई, काही न्हाई. चालू आहे का बंद, पत्तासुद्धा लागत न्हाई. चढावर जरा जोर लावावा लागतो, एवढंच."

पप्पा आत गेले. खांद्यावरचा टॉवेल काढून बॅटरीवर टाकला, आणि बाहेर येऊन मामासमोर बसले.

"पाव्हणं, चहा घ्या. आणि काट्यावर दुसरा माणूस बघा."