बर्फाच्या पोटातला लालसिंग

पुसेगावजवळच्या तांड्यावरची जिवनबाई नवऱ्याचे दिवस करायला तयार होईना. लालसिंग अडतीस साली हिमालयात, खडकांची पाहणी करणाऱ्या तुकडीची खेचरं हाकायला गेला होता. तिथं तो बर्फाच्या भेगेत पडला. दोर सोडूनही तळ लागला नाही. त्याचा चुलतभाऊ रूपसिंग एकटाच परतला.

"मेलेला डोळ्यांनी पाहिला काय?" जिवनबाईनं विचारलं.

"न्हाई, वयनी."

"मंग?"

सासू रुख्मिणीबाईही कुणी दिवसांचा विषय काढला की उठून जाई.

तुकडीच्या साहेबाकडून ऐकलेलं रूपसिंगनं जिवनबाईला हळूहळू सांगितलं. आपल्या पायाखालची भुई उत्तरेकडं रेटा देऊन राहिली, असं काही जाणते म्हणतात. गोधडी दोन्हीकडून रेटली की मधे वळ्या उठतात, तसा समुद्राचा तळ चुरगळून वर आला. तेच हे पहाड. इतके उंच, की एका सालचा बर्फ वितळायच्या आत दुसऱ्या सालचा वर पडतो. खालचा दाबानं दगडासारखा घट्ट होतो अन् उतारावरून सरकू लागतो.

"नदीवानी?"

"नदीच हाय ती. पर चालताना दिसत न्हाई."

"अन् आत पडलं ते?"

"बर्फासंगं खाली टोकाला येतं," रूपसिंग म्हणाला.

महायुद्ध संपल्यावर औंढ्याचे यात्रेकरू केदारला निघाले, त्यांच्यात ती मिसळली. रूपसिंग सोबत गेला. यात्रा आटोपून दोघं लालसिंग पडला त्या बर्फनदीच्या टोकाशी पोचले. मळकट बर्फाची भिंत, अंगावर धोंडे, खालून दुधाळ पाणी. रूपसिंग तिला कडेकडेनं वर घेऊन गेला. साहेबानं तेव्हा त्या भेगेजवळच बर्फावरच्या एका धोंड्याला तांबडा रंग फासला होता आणि बरोबर समोरच्या कड्यावर तशीच खूण केली होती. आता धोंडा खुणेच्या खाली उतरला होता. फार नाही, शेताच्या एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत, एवढाच.

जिवनबाईनं मागं वळून खालचं टोक पाहिलं. ते पार दरीच्या वळणापलीकडं होतं. तेवढं अंतर सरकायला लागणारी वर्षं ती बोटांवर मोजू लागली; बोटं पुरेनात.

तांड्यावर येताच सासूनं विचारलं, "कुठंय माझं पोरगं?"

"येऊन राहिलं, माय. पर लई हळू. तुमच्या जल्मात न्हाई, माझ्याबी न्हाई."

रुख्मिणीबाईनं इतक्या वर्षांत पहिल्यांदा हंबरडा फोडला.

त्याच आठवड्यात तांड्यानं लालसिंगचे दिवस केले. पंगतीला जिवनबाईनं स्वतः वाढलं. पुढं रझाकारांच्या धामधुमीत तांडा उठून गेला. अठ्ठेचाळीसचा पावसाळा सरताना माणसं माघारी आली, तेव्हा वावरात गवत माजलं होतं. सासू-सून दोघी ते उपटायला बसल्या.