पुसलेला साठ

ट्रॅक्टरचा मीटर दुरुस्तीला घेऊन मंचरला गेले होते. दुकानातल्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. पुण्याच्या कुणा साहेबांच्या जुन्या विलायती स्पोर्ट्स कारचे मीटर त्याच्यापुढे उघडे होते. आपला श्वास तबकडीवर पडू नये म्हणून त्यानं तोंडाला उपरणं बांधलं होतं आणि मोराच्या पिसानं तो काट्यावरची धूळ झाडत होता.

"साहेबांना आकडे मूळचेच पायजेत," असं सांगून तो चहा आणायला गेला.

तेवढ्यात मला वेगाच्या तबकडीवर डाग दिसला. नातवंडांची तोंडं पुसून पुसून हाताला लागलेली खोड! पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि फिरवलं. डाग तिथंच राहिला, साठचा आकडा पदरावर आला.

तो परतला आणि बघतच राहिला. "आजी, जुनी शाई व्हती ती. पोराच्या गालावरचं काजळ न्हाई."

नेमका साहेबांचा फोन आला.

"साहेब, साठ पुसला. माझाच हात लागला," तो म्हणाला. यापुढे काम मिळणार नाही, हे पलीकडचं ओरडणं मलाही ऐकू आलं.

तरुणपणी मी स्वतःला मोठी सडेतोड समजायचे. भावकीच्या बैठकीत सासऱ्यांना कसं गप्प केलं, ते अजून सुनांना ऐकवते. त्या भवानीनं आता फोन हिसकावून घ्यायला हवा होता. ती पदराचं टोक मुठीत लपवून बसली.

फोन ठेवून त्यानं ग्लास पुढे केला. "साखर बरी हाय ना, आजी?"

"बरी आहे," म्हणाले. तेवढंच तोंडातून निघालं.