निळ्या मण्यांची माळ

डहाणूच्या किनाऱ्यावर जनाताई बोंबील वाळत घालत होत्या. वाऱ्यावर गळ्यातली निळ्या मण्यांची माळ हलत होती. त्यांचा नवरा मासेमारीत पाण्यातली हद्द ओलांडून गेला आणि चार वर्षं कराचीच्या तुरुंगात राहिला. गेल्या महिन्यात सुटला. दोन देशांची बोलणी फिसकटल्याच्या बातम्या त्या काळात मी चहा पिता पिता वाचल्या होत्या आणि पान उलटलं होतं.

"माळ यांनी तिथंच ओवली," त्या म्हणाल्या. "मणी तिथल्या शिपायानं आणून दिले. मग यांनी त्याच्या बायकोसाठीही एक केली."

मी समुद्राकडे पाहत राहिलो. पाणी दूरवर धूसर, शांत होतं.

"तिला आवडली असेल ना?" जनाताईंनी हळूच विचारलं.